कुणासोबत मोजायचं?

१९३६ सालच्या ३१ मार्चला कराची आणि कल्याण एकाच प्रांतात होती. दोन्हीकडचा कारभार मुंबई इलाख्याच्या नावाने चालायचा, दोन्हीकडची मुलं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांना बसायची आणि दोन्हीकडचे पुढारी एकाच कायदेमंडळात भांडायचे. १ एप्रिलला सिंध हा स्वतंत्र प्रांत झाला. कल्याण होतं तिथेच राहिलं. पुढे अकरा वर्षांनी, ज्या सिंधने मुंबईशी काडीमोड घेतला होता, त्याच सिंधची माणसं लाखाच्या घरात मुंबई प्रांतात परत आली. त्यांना जागा मिळाली ती नेमकी कल्याणच्या शेजारी, लष्कराच्या रिकाम्या बराकींत.

आज आपण उल्हासनगरला जीन्स आणि फर्निचर घ्यायला जातो. तिथल्या ‘मेड इन यूएसए’ मालावरचा, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनचा, विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पण ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असे पत्ते सांगताना हा कसला कॅम्प, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. तो कॅम्प म्हणजे विसाव्या शतकातल्या एका मोठ्या फुटीचा पत्ता आहे, आणि गंमत अशी की ती फूट एकदा नव्हे, दोनदा पडली.

फुटीरता म्हटलं की आपल्याला काश्मीर आठवतं, पंजाब आठवतो, नागालँड आठवतो. म्हणजे ते सगळं दूर कुठेतरी, बंदुका आणि कर्फ्यूच्या मुलखात. पण वेगळं होण्याचा हा खेळ राष्ट्रापासून वॉर्डापर्यंत आणि धर्मापासून घरपट्टीपर्यंत कसा चालतो हे बघायचं असेल, तर ठाणे ते बदलापूर एवढा लोकलचा प्रवास पुरतो.

आधी सिंध. १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने तो जिंकला आणि १८४७ मध्ये इंग्रजांनी तो मुंबई इलाख्याला जोडून टाकला. नकाशा पाहिला तर या जोडणीचं हसू येतं. मधे कच्छ, काठियावाड, संस्थानांची गर्दी. मुंबईहून कराचीला जायचं तर सोयीचा रस्ता समुद्राचा. सिंधी भाषा वेगळी, सिंधू नदीवर चालणारी शेती वेगळी, जमीनदारी वेगळी. गव्हर्नर मुंबईत, आणि सिंधमध्ये जवळजवळ त्याच्याच रुबाबात वावरणारा कमिशनर. १९३२ मध्ये सक्करला सिंधू नदीवर जो प्रचंड बंधारा पुरा झाला, त्याला नावसुद्धा मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांचं दिलं गेलं.

अशा स्थितीत ‘आम्हाला वेगळं करा’ असं पहिल्यांदा जोरात म्हणणारा माणूस कोण असेल? १९१३ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन कराचीत भरलं. स्वागताध्यक्ष होते हरचंदराय विशनदास, कराचीचे नामांकित हिंदू वकील आणि नगरपालिकेचे अध्यक्ष. सिंधची भूमी आणि संस्कृती मुंबईहून निराळी आहे, हा मुद्दा त्यांनी तिथे मांडला. म्हणजे सिंध वेगळा करण्याची कल्पना मुळात हिंदू काँग्रेसवाल्याच्या तोंडून आली, आणि तिच्यात धर्माचा मागमूसही नव्हता. तक्रार होती ती लांबच्या राजधानीची.

दहा-पंधरा वर्षांत चित्र पार उलटं झालं. १९२० च्या दशकात मुस्लिम लीगने ही मागणी उचलली, १९२९ मध्ये जिनांच्या चौदा मुद्द्यांत ती आली, आणि सिंधमधले हिंदू पुढारी तिच्या विरोधात गेले. तोच प्रांत, तीच सीमा, तीच मागणी. बाजू मात्र बदलल्या. कारण एव्हाना निवडणुका आल्या होत्या, मतांची मोजणी आली होती. सिंधमध्ये दर चार माणसांमागे साधारण तीन मुसलमान आणि एक हिंदू. पण जोवर सिंध मुंबई इलाख्यात होता, तोवर सिंधी हिंदू मोठ्या हिंदुबहुल प्रांताचा भाग होता आणि सिंधी मुसलमान त्याच प्रांतातला अल्पसंख्य. सीमेची रेघ कराचीच्या खाली आणली की दोघांची अदलाबदल होते. हिंदू अल्पसंख्य, मुसलमान बहुसंख्य. कुणीही घर बदललेलं नाही, धर्म बदललेला नाही, एकही माणूस जन्मलेला किंवा मेलेला नाही. फक्त कुणाला कुणासोबत मोजायचं ते बदललं.

मला वाटतं, वेगळं होण्याच्या प्रत्येक मागणीची किल्ली इथे आहे. भाषा, धर्म, इतिहास, अन्याय ही कारणं खरी असतात. ती खोटी आहेत असं मी म्हणत नाही. पण ती कारणं शेकडो वर्षं असूनही मागणी एका ठरावीक दिवशीच का उठते? डोकी मोजायला सुरुवात होते तेव्हा. राजा आपल्या प्रजेची बहुसंख्य-अल्पसंख्य अशी वाटणी करून तिला विचारत नव्हता. ज्या क्षणी निर्णय मतांवर होऊ लागले, त्या क्षणी ‘आपण किती’ या प्रश्नाआधी ‘आपण म्हणजे कोण’ हा प्रश्न आला. लोकशाहीने फुटीरता जन्माला घातली असं म्हणणं जरा जास्त होईल, पण तिने बाळसं धरलं ते लोकशाहीतच.

सिंधची गोष्ट इथे संपत नाही. ३ मार्च १९४३ रोजी सिंधच्या विधानसभेने पाकिस्तानच्या बाजूचा ठराव मंजूर केला. ठराव मांडणारे होते जी. एम. सय्यद. त्याच सिंधचे माजी पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत) अल्लाबक्ष सूमरो फाळणीला कडाडून विरोध करत होते. मे १९४३ मध्ये त्यांचा खून झाला. पाकिस्तान झालं. आणि मग सय्यदसाहेबांच्या लक्षात आलं की या नव्या हिशेबात सिंधी माणूस पुन्हा अल्पसंख्यच आहे, या वेळी पंजाब्यांपुढे. १९५५ मध्ये पश्चिम पाकिस्तानचे सगळे प्रांत एकत्र करण्यात आले, तेव्हा सिंध नावाचा प्रांतच नकाशावरून गेला. तो परत यायला १९७० उजाडलं. १९७२ मध्ये, पाकिस्तानचा ठराव मांडणाऱ्या याच जी. एम. सय्यदांनी स्वतंत्र सिंधुदेशाची चळवळ सुरू केली. उरलेल्या आयुष्यातली कितीतरी वर्षं त्यांनी तुरुंगात आणि नजरकैदेत काढली. १९९५ मध्ये ते गेले. एकाच माणसाने एका देशाची मागणी करावी आणि तो मिळाल्यावर त्याच देशातून बाहेर पडण्याची मागणी करावी, हे कादंबरीत लिहिलं तर संपादक खोडून टाकेल.

इकडे कल्याणला निर्वासित आले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या पाच छावण्यांत त्यांची सोय झाली. लांबच लांब बराकी, मधे पडदे टाकून केलेली बिऱ्हाडं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीचं नाव उल्हास नदीवरून उल्हासनगर ठेवलं. जगात बहुतेक फाळण्यांत विस्थापितांना निदान आपल्या भाषेचा मुलूख सापडतो. पंजाब्याला पूर्व पंजाब मिळाला, बंगाल्याला पश्चिम बंगाल. सिंध्याला भारतात सिंध मिळाला नाही. १९६७ मध्ये सिंधी भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली, पण तिला स्वतःचं राज्य नाही. सिंधची फाळणी झालीच नाही, तो अखंडच्या अखंड पलीकडे गेला, आणि सिंधी हिंदू कुणासोबत मोजले जायचे हा प्रश्न कल्याणच्या शिरगणतीत विरघळून गेला.

इथे एक फरक करायला हवा, कारण वर्तमानपत्रं तो नेहमी करत नाहीत. देशातून बाहेर पडू मागणं आणि देशात राहून वेगळं घर मागणं, या कायद्याच्या नजरेत दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिली गुन्हा ठरू शकते: १९६३ ची सोळावी घटनादुरुस्ती आणि १९६७ चा बेकायदेशीर कृत्यं प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहेत. द्रविडनाडू मागणाऱ्या द्रमुकने १९६३ मध्येच ती मागणी सोडली आणि चार वर्षांत मद्रासची सत्ता मिळवली. दुसऱ्या मागणीसाठी मात्र घटनेच्या तिसऱ्या कलमाने दार सताड उघडं ठेवलं आहे. संसद साध्या बहुमताने राज्य फोडू शकते, जोडू शकते, त्याचं नाव बदलू शकते. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचं मत विचारावं लागतं. ते मानावं लागत नाही. आपला देश अभंग आहे, पण त्यातली राज्यं नाहीत. स्वतंत्र विदर्भ मागणाऱ्याला फुटीर म्हणणं म्हणून चूक आहे. १९५५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषिक राज्यांवर लिहिलं, तेव्हा मराठी मुलखाची एक नव्हे चार राज्यं करावीत असं सुचवलं होतं. तेव्हाही त्यांच्या मनात मुख्य काळजी हीच होती की लहान समाज मोठ्या बहुमताच्या दाढेत जाऊ नये.

धर्मातली फुटीरता राजकारणातल्यापेक्षा जुनी आणि मला विचाराल तर जास्त चमत्कारिक. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रत्येक माणूस जन्मतःच राणीच्या चर्चचा सभासद असे. ज्या गावात जन्म, तिथलं चर्च तुमचं. इच्छा विचारायची पद्धत नाही. प्युरिटन मंडळी म्हणत, चर्च सुधारू. रॉबर्ट ब्राउन नावाचा पाद्री म्हणाला, सुधारायचं कशाला, बाहेर पडू. देऊळ त्यांचंच, जे स्वतःहून येतील. १५८२ मध्ये त्याने हे पुस्तकात छापलं. त्याच्या वाटेने जाणाऱ्यांना लोक विभक्तवादी म्हणू लागले. दोघा पुढाऱ्यांना, हेन्री बॅरो आणि जॉन ग्रीनवुड यांना, १५९३ मध्ये फाशी झाली. त्यांच्यातलीच काही माणसं आधी हॉलंडला पळाली आणि १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेला पोचली. अमेरिकेच्या शाळेत पहिल्या धड्यात भेटतात ती हीच.

आणि ब्राउनचं काय झालं? तो परत गेला. ज्या चर्चमध्ये राहणं पाप आहे असं त्याने लिहिलं होतं, त्याच चर्चचा पाद्री होऊन त्याने पुढची चाळीसएक वर्षं काढली. त्याचे अनुयायी अमेरिका वसवत होते, हे महाशय नॉर्थॅम्प्टनशायरच्या एका खेड्यात प्रवचनं देत होते.

आत राहायचं की बाहेर पडायचं, हा प्रश्न महाराष्ट्रात दुसऱ्या रूपात आला. प्रार्थना समाज १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झाला तेव्हा बंगालातल्या ब्राह्मो समाजासारखं हिंदू समाजापासून तुटायचं की नाही, हा पेच त्याच्यापुढे होता. न्यायमूर्ती रानड्यांचा कल आत राहून सुधारण्याकडे. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगितलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. त्याआधी १९३२ मध्ये ब्रिटिशांनी अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, गांधीजींनी येरवड्यात उपोषण धरलं आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्या कराराचा गाभा पुन्हा मोजणीचाच. स्वतंत्र मतदारसंघात ७१ जागा होत्या आणि तिथे दलित उमेदवाराला दलितच मत देणार होते. करारात जागा १४८ झाल्या, पण शेवटी उमेदवार निवडून द्यायला सगळे हिंदू मतदार आले. जागा दुपटीवर गेल्या, तरी आपल्या माणसाला आपणच मोजायचं, हा हक्क गेला. बाबासाहेबांना त्या वेळी फुटीर म्हणणारे कमी नव्हते. ज्यांना गावाच्या पाणवठ्यावर कधी एकत्र मोजलं नाही, त्यांनी मतपेटीवर वेगळं मोजा म्हटलं की ते फुटीर झाले.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ सालचं एक सिनेगॉग आहे, ‘शआर हशामायिम’, म्हणजे स्वर्गाचं दार. ते बेने इस्रायलींचं. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेले हे ज्यू; तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मातृभाषा मराठी. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, चेऊलकर. पाळायचे ते दिवस वेगळे, खाण्याचे नियम वेगळे, देव वेगळा. पण समाज इतका लहान की कुठलीही रेघ कशीही ओढा, ते बहुसंख्य होणं शक्य नव्हतं. वेगळेपणाचं राजकारण व्हायला वेगळेपण पुरत नाही, संख्याही लागते. इस्रायल झाल्यावर यांतले पुष्कळ तिकडे गेले, आणि तिथल्या धर्मगुरूंनी त्यांनाच विचारलं की तुम्ही नक्की ज्यू आहात का? लग्नं अडली, निदर्शनं झाली. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने सांगितलं की बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू आहेत. कोकणात ज्यांच्या ज्यू असण्याबद्दल कुणाला शंका नव्हती, त्यांना ज्यूंच्या देशात ते सिद्ध करावं लागलं!

कल्याणजवळचा मलंगगडही याच ओळीत येतो, उलट्या बाजूने. हाजीमलंग बाबांची समाधी, आणि तिचा वंशपरंपरागत विश्वस्त कल्याणचं केतकर हे ब्राह्मण घराणं. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की व्यवस्था मुसलमानाकडे असावी की केतकरांकडे, असा वाद उभा राहिला तेव्हा १८१७ मध्ये बाबांचीच इच्छा विचारायचं ठरलं. कशी? चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठी तीन वेळा टाकली, तिन्ही वेळा ती केतकरांच्या बाजूने निघाली. पुढे सव्वाशेहून जास्त वर्षांनी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं; १९५४ च्या त्या निकालात या स्थळाचा संमिश्रपणा मान्य झाला, ते ना हिंदू कायद्यात बसतं ना मुस्लिम. अलीकडे दोन्हीकडून ते एका बाजूला ओढायची धडपड चालू आहे. मला त्या तीन चिठ्ठ्या जास्त शहाण्या वाटतात.

आता खाली, रस्त्यावर येऊ. कल्याण-शीळ रस्त्याने डोंबिवलीकडून निघालात की मानपाडा, सोनारपाडा, काटई, निळजे अशी नावं लागतात. एका बाजूला वीस-पंचवीस मजली टॉवर, त्यांच्या पायाशी गावदेवीचं देऊळ, त्यामागे आगरी वस्तीची जुनी घरं, आणि रस्त्याच्या कडेला पाण्याचा टँकर. ही २७ गावं. डोंबिवलीकर ‘सत्तावीस गावं’ एवढंच म्हणतो, नावं सांगायची गरज पडत नाही. तो आता आकडा नाही, विशेषनाम आहे.

१ ऑक्टोबर १९८३ ला कल्याण महापालिका झाली, तेव्हा कल्याण आणि डोंबिवलीबरोबर अंबरनाथ, बदलापूर आणि आसपासची गावं तिच्यात ओढली गेली. गावांना कुणी विचारलं नाही, आणि पहिली निवडणूक व्हायला १९९५ उजाडलं, तोवर प्रशासकच. दरम्यान १९९२ मध्ये अंबरनाथ आणि बदलापूर बाहेर पडले आणि आपापल्या नगरपालिका घेऊन बसले. २००२ मध्ये २७ गावंही बाहेर पडली, पुन्हा ग्रामपंचायती आल्या. मग तेरा वर्षांत जमिनींचे भाव आकाशाला भिडले, टॉवर उभे राहिले, आणि १ जून २०१५ ला सरकारने ती गावं पुन्हा महापालिकेत घातली. सर्वपक्षीय हक्क संरक्षण संघर्ष समितीने स्वतंत्र नगरपालिकेसाठी दंड थोपटले, त्याच वर्षीच्या निवडणुकीवर बहिष्काराची हाक दिली. मार्च २०२० मध्ये राज्य सरकारने १८ गावं वेगळी काढून त्यांची ‘कल्याण उपनगर’ नगरपरिषद करायचं जाहीर केलं. उरलेली ९ गावं महापालिकेतच. म्हणजे २७ मधूनही फूट! डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णयच रद्द केला. कारण साधं होतं: सीमा बदलताना महापालिकेशी जी रीतसर सल्लामसलत करायला हवी, ती सरकारने केली नव्हती.

गावकऱ्यांचं म्हणणं काय? घरपट्टी कितीतरी पटींनी वाढली, आणि पाणी तेवढंच. २०१५ मध्ये १२२ प्रभागांत २७ गावांच्या वाट्याला २१ आले. सभागृहात हात वर करून मोजले की गावांचे एकवीस आणि शहराचे शंभरावर एक. अर्थसंकल्प कुठे वळणार ते सांगायला ज्योतिषी नको. स्वतःची नगरपालिका असेल तर मोजणी फक्त गावांची. सिंधमध्ये जे झालं ते हेच, फक्त इथे धर्म नाही आणि फाळणीही नाही. आहे ती जमीन, मालमत्ता कर आणि नळ. हे क्षुल्लक वाटत असेल त्यांनी मे २०२२ आठवावा. पाण्याची बोंब असलेल्या या पट्ट्यात संदपच्या खदानीवर कपडे धुवायला गेलेल्या एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा बुडून मृत्यू झाला. टॉवरमधल्या पोहण्याच्या तलावांपासून ती खदान फार दूर नाही.

दुसरी बाजूही मांडायला हवी. संघर्ष समितीच्या मागणीत सगळेच निर्मळ मनाने आहेत असं मी मानत नाही. ग्रामपंचायतीच्या काळात बांधकामांची परवानगी कशी मिळे, बेकायदा इमारती किती उठल्या, हे या भागात कुणाला माहीत नाही? ‘आमचा कारभार आम्हाला द्या’ या मागणीत कधीकधी ‘आमच्याकडे कुणी बघू नका’ हेही मिसळलेलं असतं. आणि त्या टॉवरमध्ये राहायला आलेली नवी माणसं, बाहेरून आलेले मराठी, गुजराती, उत्तर भारतीय, त्यांना वेगळी नगरपालिका हवी आहे की नको, हे त्यांना फारसं कुणी विचारलेलं नाही. ती आता गावकऱ्यांपेक्षा संख्येने कमी नाहीत. उद्या वेगळी नगरपालिका झालीच, तर तिच्यात मूळ गावकरी पुन्हा अल्पसंख्य ठरतील. जी. एम. सय्यदांचा अनुभव त्यांनाही येईल, जरा स्वस्तात.

याच रस्त्याने शीळफाट्याच्या पुढे गेलात की १४ गावं लागतात: दहिसर, पिंपरी, भंडार्ली, उत्तरशिव, वाकळण, नारिवली वगैरे. ती नवी मुंबई महापालिकेत होती. कराच्या विरोधात त्यांनी जोरदार आंदोलन केलं आणि २००७ मध्ये बाहेर पडून दाखवलं. विजय झाला, गुलाल उधळला गेला. मग काही वर्षांतच लक्षात आलं की रस्ता, पाणी, दवाखाना यांसाठी आता कुणाकडे जायचं हेच ठरत नाही. ठाणे महापालिकेचा कचरा मात्र भंडार्लीला येऊन पडू लागला. गावं पुन्हा रस्त्यावर उतरली, या वेळी ‘आम्हाला आत घ्या’ म्हणत. सरकारने २०२२ मध्ये घोषणा केली, २०२४ मध्ये गावं नवी मुंबईत परत आली. तेव्हा नवी मुंबईतले काही नेते म्हणाले, आम्हाला ही नकोत, यांचा खर्च आमच्या माथी का? बाहेर पडायला परवानगी लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं, परत यायलाही लागते हे या गावांनी शिकवलं. ब्राउनला तरी चर्चने परत घेतलं होतं.

स्वित्झर्लंडमध्ये हेच काम कसं होतं ते बघण्यासारखं आहे. बर्न या जर्मनभाषक परगण्यातले फ्रेंच बोलणारे कॅथलिक लोक कित्येक वर्षं वेगळं व्हायचं म्हणत होते. गावोगाव मतदान घेऊन १९७९ मध्ये त्यांचा जुरा हा वेगळा परगणा झाला. सीमेवरचं मुतिये हे छोटं शहर तेव्हा बर्नमध्येच राहिलं. त्याने २०१७ मध्ये जुराच्या बाजूने कौल दिला. गैरप्रकारांच्या तक्रारीवरून ते मतदान रद्द झालं. २०२१ मध्ये पुन्हा मतदान, पुन्हा तोच कौल, जवळपास ५५ टक्के. १ जानेवारी २०२६ पासून मुतिये जुरात आहे. काही हजार वस्तीच्या एका शहराने परगणा बदलायला इतकी वर्षं घेतली, पण प्रत्येक टप्प्यावर तिथल्या माणसाला मत विचारलं गेलं. आपल्याकडे २७ गावं आत आली, बाहेर गेली, पुन्हा आत आली. हवं की नको अशी थेट मतपत्रिका गावकऱ्यांच्या हातात एकदाही पडली नाही. सगळं अधिसूचनेने.

या सगळ्यात सुदैवाने एक फट आपल्यासाठी ठेवलेली आहे. महापालिकेची हद्द बदलायची असली की सरकारला आधी लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. तशी सूचना राजपत्रात निघते, वर्तमानपत्रात कुठेतरी आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापून येते, आणि मुदत संपल्यावर आपल्याला कळतं. मागची २०२० ची अधिसूचना कोर्टात पडली ती सल्लामसलतीच्या कच्चेपणामुळेच, म्हणजे ही निव्वळ कागदी कवायत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, बदलापूर, कुठेही राहत असाल. पुढच्या वेळी अशी सूचना दिसली तर तुम्हाला कुणासोबत मोजलं जाणार आहे ते वाचा, आणि पटत असो वा नसो, सही करून दोन ओळी मुदतीत नेऊन द्या. पोच घ्यायला विसरू नका.